परसबागेची शरद ऋतूतील मशागत

पावसाळा ओसरल्यानंतर आणि थंडी स्थिरावण्यापूर्वी घराभोवतीची बाग, हिरवळ व कुंड्या यांची जी साफसफाई, छाटणी, खतपाणी आणि नवी लागवड केली जाते, तिला शरद ऋतूतील मशागत असे म्हणतात. महाराष्ट्रात हा काळ साधारणपणे सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे आश्विन व कार्तिक या महिन्यांत येतो. चार महिन्यांच्या पावसाने मातीतून वाहून नेलेली अन्नद्रव्ये परत देणे आणि त्याच पावसाने मागे ठेवलेला ओलावा टिकवणे, हे या मशागतीचे मुख्य प्रयोजन आहे. नैऋत्य मोसमी वारे राज्यातून सामान्यतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी फिरतात आणि निरभ्र आकाशातील कडक ऊन, ज्याला बोलीत ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात, लगेच सुरू होते. त्यामुळे माती कामाजोगी असण्याचा अवधी थोडाच मिळतो.

शरद आणि पानगळ

इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांतील ‘ऑटम’ या शब्दाचे भाषांतर मराठीत बहुधा ‘शरद’ असे केले जाते. पंचांगाच्या दृष्टीने ते चुकीचे नाही. 22 किंवा 23 सप्टेंबरच्या शरद संपातापासून दोन्हीकडे रात्र दिवसापेक्षा मोठी होऊ लागते. बागेच्या दृष्टीने मात्र हे दोन ऋतू जवळजवळ परस्परविरुद्ध आहेत. युरोप आणि उत्तर अमेरिकेत शरद हा पानगळीचा व झाडे निद्रिस्त होण्याचा काळ असतो. महाराष्ट्रात पानगळ शिशिरात, म्हणजे मुख्यतः जानेवारीनंतर होते. येथील शरद हा झाडांच्या वाढीचा दुसरा हंगाम असतो: जमिनीत ओल असते, ऊन भरपूर मिळते आणि रात्री हळूहळू थंड होत जातात. तिकडे बाग झाकून ठेवण्याची घाई असते, इकडे ती नव्याने उभी करण्याची. परदेशी दिनदर्शिका जशीच्या तशी वापरल्याने होणाऱ्या बऱ्याच चुका याच फरकातून उद्भवतात. हिरवळीच्या बाबतीत हे विशेष जाणवते.

घटस्थापनेच्या दिवशी मातीत धान्य पेरून नऊ दिवस त्याचे अंकुर वाढवण्याची प्रथा याच काळात येते. ती बियाण्याची उगवणशक्ती पाहण्याची जुनी रीत असावी, असे अनेकदा म्हटले जाते. कार्तिकात तुळशीच्या लग्नापूर्वी वृंदावन रंगवण्याची पद्धत आहे. त्याच वेळी तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या खुडून वरची माती बदलल्यास रोपाला नवी फूट येते.

माती

संततधार पावसाचे दोन परिणाम होतात. नायट्रेटच्या रूपातील नत्र पाण्यात सहज विरघळत असल्याने मुळांच्या कक्षेच्या खाली निघून जाते. काही प्रमाणात पालाश व गंधक यांचीही तीच गत होते. दुसरे म्हणजे, थेंबांच्या माऱ्याने उघडी माती दबते आणि तिच्यावर पापुद्रा धरतो. सप्टेंबरअखेर जुनी पाने पिवळी पडणे हे बहुतेक वेळा नत्राच्या कमतरतेचे लक्षण असते. पाणी कमी पडले असे समजून अशा झाडांना आणखी पाणी दिले जाते, तेव्हा उरलेसुरले नत्रही निघून जाते.

मशागतीला हात घालण्यापूर्वी वाफसा येण्याची वाट पाहावी लागते. मातीत ओल आहे पण ती चिकटत नाही, हवा खेळण्याइतकी पोकळी तिच्यात आहे, अशा स्थितीला वाफसा म्हणतात. मूठभर माती दाबून लाडू केला आणि तो बोटाच्या हलक्या दाबाने फुटला, तर वाफसा आला असे समजावे. लाडू न फुटता चेपला गेला, तर आणखी दोन-तीन दिवस थांबणे इष्ट. दख्खनच्या पठारावरील काळ्या जमिनीत हा नियम कटाक्षाने पाळावा लागतो. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीतील चिकणमाती पाण्याने फुगते व वाळताना आकसते. ओली असताना खणली तर तिची ढेकळे होतात आणि ती पुढे सबंध हिवाळाभर फुटत नाहीत. फार उशीर केला तर जमिनीला भेगा पडून मुळे तुटतात. कोकणातील जांभ्या मातीची अडचण वेगळी आहे. ती लवकर निचरते, आम्लधर्मी असते आणि जोराच्या पावसात तिच्यातील क्षार धुऊन जातात. तेथे वाफशाची चिंता कमी असते, मात्र सेंद्रिय पदार्थ सातत्याने घालत राहावे लागते.

वाफसा आल्यावर वरचा थर खुरप्याने किंवा कुदळीने हलवून घेतात. बारमाही झाडांच्या बुंध्याजवळ खोल खणू नये, कारण अन्न शोषणारी बारीक मुळे वरच्या थरातच असतात. त्यानंतर चांगले कुजलेले शेणखत, कंपोस्ट किंवा गांडूळखत मिसळले जाते. कच्चे शेण घालणे हानिकारक ठरते. ते कुजताना उष्णता निर्माण होते, आणि त्यातून हुमणीच्या भुंगेऱ्यांना अंडी घालण्यास जागा मिळते.

कुंड्यांतील माती जमिनीतल्या मातीपेक्षा लवकर थकते. पूर्ण कुंडी बदलणे शक्य नसेल तर वरची 5 ते 7 सेंटिमीटर माती काढून तेथे नवी माती व खत भरतात. पाणी घातल्यावर ते बराच वेळ वर साचून राहत असेल, तर तळाचे छिद्र मुळांनी किंवा गाळाने बुजलेले असते. अशा वेळी झाड मातीच्या गोळ्यासह बाहेर काढून गोल फिरलेली मुळे कापावी लागतात.

पालापाचोळा

महाराष्ट्रात पाने गळतात फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि त्यांची गरज लागते ऑक्टोबरमध्ये. हा सात-आठ महिन्यांचा खंड गैरसोयीचा वाटतो, पण तोच उपयोगी आहे. उन्हाळ्यात जाळीच्या पिंजऱ्यात किंवा विटांच्या हौद्यात भरून ठेवलेला पाचोळा पावसाळ्यात भिजत राहतो आणि बुरशीच्या क्रियेने शरदापर्यंत भुसभुशीत, काळसर होतो. हे पर्णखत अन्नद्रव्यांच्या दृष्टीने फारसे समृद्ध नसते, परंतु ते पाणी धरून ठेवते. काळ्या मातीला मोकळेपणा आणि जांभ्या मातीला धारणशक्ती, अशा दोन्ही गोष्टी त्यातून मिळतात. पावसाळ्यात उपटलेले तण, छाटणीच्या कोवळ्या फांद्या व स्वयंपाकघरातील ओला कचरा नत्राने, तर वाळलेली पाने कर्बाने संपन्न असतात. ढिगातील कर्ब व नत्र यांचे गुणोत्तर 25 ते 30 भागांस 1 असे असेल तर कंपोस्ट वेगाने होते. घरगुती बेतात कोणी ते मोजत बसत नाही. ढीग दुर्गंधी सोडू लागला की वाळकी पाने घालावीत आणि थंड पडून कुजेनासा झाला की हिरवा कचरा व थोडे पाणी घालावे, एवढा अंदाज पुरतो.

साफसफाईत निघालेला कचरा पेटवून देण्याची सवय शहरांत अजून आढळते. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी बागेतील कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली आणि तो जाळण्यास मनाई केली. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी 5,000 रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी 25,000 रुपये भरपाई ठरवली. शरदात रात्रीची थंड हवा जमिनीलगत थांबू लागते, त्यामुळे धूर वर न जाता वस्तीतच रेंगाळतो. पुण्यातील ‘ब्राऊन लीफ’ या नागरी उपक्रमात पाने नको असलेल्या घरांची व ती हवी असलेल्या बागकर्मींची गाठ घालून दिली जाते. याच्या कितीतरी आधी श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’मार्फत घरातील व परिसरातील जैव कचऱ्यापासून माती घडवण्याचा विचार महाराष्ट्रात मांडला होता.

मशागत झाल्यावर उघड्या मातीवर 5 ते 8 सेंटिमीटर जाडीचे आच्छादन पसरणे हे ऑक्टोबरमधील सर्वांत फलदायी काम म्हणता येईल. पाने, भाताचा पेंढा, उसाचे पाचट किंवा नारळाचा काथ्या यांपैकी जे जवळ मिळेल ते चालते. आच्छादन खोडाला चिकटू न देता चारही बाजूंनी बोटभर जागा सोडतात, नाहीतर खोडाची साल ओलाव्याने कुजते.

हिरवळ

घराभोवती कातरलेली हिरवळ राखण्याची पद्धत महाराष्ट्रात इंग्रजांच्या बंगल्यांबरोबर रुजली. ती ज्या गवताने साधली गेली ते मात्र येथलेच. हरळी, म्हणजेच गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा, हे बहुतेक हिरवळींचे मुख्य गवत आहे. तिचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. हरळी उष्ण हवामानाची आहे. मातीचे तापमान 15 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले की तिची वाढ मंदावते. थंड प्रदेशातील फेस्क्यू, राय यांसारख्या गवतांचे नेमके उलट असते आणि म्हणूनच त्या देशांत हिरवळीची पेरणी व जोरकस खरडणी सप्टेंबरात सांगितली जाते. महाराष्ट्रात ही जड कामे पावसाळ्याच्या तोंडावर करायची असतात. ऑक्टोबरात हिरवळ मुळापर्यंत खरडली तर थंडीमुळे ती भरून येत नाही आणि उघड्या पडलेल्या जागी तण शिरते.

शरदात हिरवळीला हलक्या हाताने सावरणे पुरेसे असते. पायदळी दबलेल्या जागी बागकामाचा काटा 8 ते 10 सेंटिमीटर खोल टोचून छिद्रे पाडतात आणि त्यांवर चाळलेले कंपोस्ट व जाड वाळू यांचा अर्धा ते एक सेंटिमीटरचा थर पसरून झाडूने आत ढकलतात. नत्र द्यायचे असल्यास ते थंडी पडण्यापूर्वी द्यावे. दर चौरस मीटरला सुमारे 10 ग्रॅम युरिया हे प्रमाण ओलांडू नये व लगेच पाणी द्यावे, अन्यथा पाती करपतात. कापणीच्या एका फेरीत पात्याच्या उंचीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग काढू नये. पावसात गुडघाभर वाढलेले गवत त्यामुळे एकदम न कापता आठवडाभराच्या अंतराने उतरवत आणावे लागते.

हिरवळीतील सर्वांत चिवट तण लव्हाळा हे होय. ‘जगातील सर्वांत उपद्रवी तणे’ या विषयावरील 1977 सालच्या इंग्रजी ग्रंथात लेरॉय होम व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला पहिले स्थान दिले. वरून पाती ओढल्याने लव्हाळा जात नाही. जमिनीखाली माळेसारख्या जोडलेल्या गाठींपैकी प्रत्येक गाठ नवे रोप देते. पावसाने माती मऊ असतानाच गाठींसह खणून काढणे हा घरगुती बागेतील विश्वासार्ह उपाय आहे, आणि तो दोन-तीन हंगाम सलग करावा लागतो. काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नयेत. गवताचे ठिगळ पिवळे पडून गालिच्यासारखे उचलले जात असेल, तर खाली हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या मुळे खात असतात. लहान जागेत त्या वेचून काढणे सर्वांत सोपे. खणलेल्या मातीवर साळुंक्या व बगळे तेच काम स्वतःहून करतात.

हिरवळ ठेवावी की नाही, हा प्रश्न खरे तर याच ऋतूत विचारायला हवा, कारण पावसाचे फुकट पाणी येथे संपते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिरवळीला कोरड्या दिवसांत रोज 5 मिलिमीटर पाणी दिले, तर 50 चौरस मीटरच्या अगदी मध्यम हिरवळीला दररोज 250 लिटर लागतात. नागरी पाणीपुरवठ्याचे शासकीय प्रमाण माणशी दररोज 135 लिटर आहे. म्हणजे ही हिरवळ जवळजवळ दोन माणसांचे पाणी पिते. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागणाऱ्या वसाहतींत ऑक्टोबरमध्येच हिरवळीच्या कडा आत घेऊन तेथे झुडपे लावणे किंवा आच्छादन घालणे अधिक शहाणपणाचे ठरते. हरळी पाण्यावाचून मरत नाही, फक्त तपकिरी पडते आणि पुढील पावसात पुन्हा हिरवी होते. तिचा तपकिरी रंग डोळ्यांना खुपला नाही, तर अर्धा प्रश्न सुटतो.

गुलाब आणि शेवंती

गुलाबाची मुख्य छाटणी महाराष्ट्रात पाऊस पूर्ण थांबल्यावर, बहुधा ऑक्टोबरमध्ये केली जाते. पाऊस चालू असताना छाटल्यास उघड्या जखमांतून बुरशी शिरून फांद्या वरून खाली वाळत जातात. या रोगाला ‘मर’ म्हणतात. मेलेल्या, आतल्या बाजूस वाढलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या प्रथम काढतात आणि उरलेल्या जोमदार फांद्या बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या थोड्या वर तिरक्या कापतात. डोळा भरलेल्या सांध्याच्या खालून फुटलेले धुमारे खुंटाच्या जातीचे असतात. ते ठेवले तर काही काळाने कलमी गुलाब नाहीसा होऊन रानटी गुलाबच उरतो. मोठ्या फुलांच्या जातींना छाटणीपासून सुमारे 45 दिवसांत बहर येतो. प्रदर्शनात फुले मांडणारे हौशी लोक त्यामुळे तारखेवरून मागे मोजून छाटणीचा दिवस ठरवतात. 1830 मध्ये स्थापन झालेल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेचे पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते, तेव्हा त्यासाठीची छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरवर जाते.

कापांवर लावण्यासाठी व फवारणीसाठी बोर्डो मिश्रण वापरतात. फ्रान्समधील बोर्दो येथे पियेर-मारी मिलार्दे यांनी 1885 मध्ये द्राक्षांवरील केवडा रोगासाठी त्याचा उपयोग जाहीर केला. एक टक्का मिश्रणासाठी 10 ग्रॅम मोरचूद व 10 ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून, मग एकत्र करून एक लिटर द्रावण बनवतात. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे असावे. लोखंडी पाते द्रावणात थोडा वेळ बुडवल्यावर त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडलेला असतो. तो वाढवल्याशिवाय फवारल्यास पाने जळतात. मिश्रण त्याच दिवशी वापरावे लागते.

शेवंतीचा बहर तापमानापेक्षाही रात्रीच्या लांबीवर अवलंबून असतो. काही वनस्पती दिवस लहान झाल्यावरच फुलतात, हे गार्नर व ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये प्रसिद्ध केले. शेवंती त्याच वर्गातली आहे. कुंडी रस्त्यावरील दिव्याच्या किंवा रात्रभर जळणाऱ्या जिन्यातील दिव्याच्या उजेडात असेल, तर झाड हिरवेगार वाढते आणि कळ्या धरत नाही. खत बदलत राहण्यापेक्षा कुंडीची जागा बदलणे हा त्यावरील उपाय आहे. शेंडे खुडण्याचे काम ऑगस्टअखेर थांबवावे. ऑक्टोबरात खुडलेला शेंडा म्हणजे गमावलेले फूल.

दसरा-दिवाळीला फुलून गेलेल्या झेंडूची झाडे उपटून न टाकता बारीक करून मातीत गाडतात. त्याच्या मुळांतील द्रव्ये मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारक असतात, म्हणून त्या वाफ्यात पुढे टोमॅटो किंवा वांगी लावणे फायद्याचे ठरते.

भाजीपाला

मेथी, पालक, मुळा व कोथिंबीर यांची पेरणी एकाच दिवशी न करता दहा-बारा दिवसांच्या अंतराने केल्यास हिवाळाभर ताजी भाजी मिळत राहते. धणे रगडून त्यांचे दोन भाग करून पेरतात. कोबी, फुलकोबी, टोमॅटो यांची रोपे गादीवाफ्यावर तयार करून सुमारे चार आठवड्यांनी हलवतात. ऑक्टोबरमधील दुपारच्या उन्हापासून त्यांना पहिले काही दिवस सावली द्यावी लागते. लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टोक वर ठेवून लावतात.

कोकण व गोव्यात भात कापल्यावर जमिनीतील उरलेल्या ओलीवर वाल, कुळीथ, चवळी अशी कडधान्ये घेण्याची जुनी रीत आहे. परसातही हेच तत्त्व चालते: पाणी देण्यापेक्षा असलेली ओल अडवणे. माडाभोवतीची आळी पावसानंतर उघडून, तण काढून खत दिले जाते आणि मग ती झावळ्यांनी किंवा सोडणांनी झाकली जातात.

उपद्रव आणि दक्षता

पावसानंतरच्या साफसफाईत काही धोके असतात. उंच गवतात व पाचोळ्याच्या ढिगात साप आसऱ्याला असू शकतो. गवतात हात घालण्यापूर्वी काठीने चाळवणे, पायात बूट घालणे आणि ढीग हाताऐवजी दाताळ्याने ओढणे ही साधी खबरदारी पुरेशी असते. गाजरगवत भारतात 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळले. त्याच्या स्पर्शाने त्वचेचा दाह व परागामुळे श्वसनाचा त्रास होतो, म्हणून ते फुलण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटावे.

मोठी आफ्रिकन गोगलगाय 1847 मध्ये कोलकात्यात आणली गेली व तेथून देशभर पसरली. कोरडा ऋतू लागताच ती कवचाचे तोंड बंद करून मातीत किंवा भिंतीच्या फटीत निपचित राहते, आणि पुढच्या पावसात पुन्हा बाहेर येते. ती दृष्टीस पडण्याची अखेरची संधी म्हणजे शरदातील दमट संध्याकाळ. तिच्यात मेंदूला अपाय करणारे परजीवी कृमी असू शकतात. त्यामुळे ती उघड्या हाताने उचलू नये. मातीवर मीठ टाकू नये, गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात.

डेंग्यूचा जोर अनेकदा पावसाळ्यानंतरच्या आठवड्यांत वाढतो. एडिस डासाची अंडी ते पूर्ण डास ही वाढ उबदार हवेत सुमारे 7 ते 10 दिवसांत होते आणि तिला कुंडीखालच्या ताटलीतील पाणीही पुरते. ताटल्या आठवड्यातून एकदा ओतून, आतून घासून कोरड्या कराव्या लागतात; नुसते पाणी ओतल्याने कडेला चिकटलेली अंडी जात नाहीत.

थंड प्रदेशांतील पद्धत

ब्रिटन व उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात शरदातील कामांची मर्यादा पहिल्या कडाक्याच्या दहिवराने ठरते. थंड हवामानाच्या गवतांची पेरणी सप्टेंबरमध्ये करतात, म्हणजे माती उबदार असताना बी रुजते आणि हिवाळ्यापूर्वी मुळे धरते. गळलेली पाने हिरवळीवर जाड थरात राहिल्यास खालचे गवत गुदमरते. ती यंत्राने बारीक करून तेथेच जिरवली किंवा झुडपांखाली पसरली जातात. ट्युलिपचे कंद याच काळात पुरतात, कारण फुलण्यासाठी त्यांना काही महिन्यांची सलग थंडी लागते. वाळलेले दांडे व पाने वसंतापर्यंत काढू नयेत, असा आग्रह अलीकडे निसर्गप्रेमी संस्था धरतात. अनेक एकाकी मधमाश्या व फुलपाखरांचे कोष त्यांत हिवाळा काढतात.

या देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या अंगणात तुळस, कढीपत्ता व मोगरा यांच्या कुंड्या असतात. रात्रीचे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या आसपास येऊ लागले की त्या घरात घेतात. आत आणण्यापूर्वी पानांची खालची बाजू धुऊन मावा व कोळी काढून टाकावे लागतात, कारण बंद उबदार घरात त्यांची वाढ झपाट्याने होते. कढीपत्ता घरात आल्यावर बरीच पाने गाळतो. तो मेला असे समजून टाकून न देता पाणी कमी करून दक्षिणेकडील खिडकीत ठेवल्यास वसंतात त्याला पुन्हा फूट येते.